आतून कडी

त्या घरात कुठल्याही दाराला आतून कडी नव्हती. बाहेरच्या दाराला कुलूप होतं, पण एकदा माणूस आत शिरला की त्याला कुठे कोंडून घ्यायची सोय नव्हती. न्हाणीघराचंही तेच. आत गेलं की खोकायचं, बादली आपटायची, नाहीतर सरळ गायचं. आत्या आली की गायची. तिचा गळा असा की पलीकडच्या घरांनाही कळायचं, आज बाई डोक्यावरून न्हातायत. पाहुणे या घरात फार दिवस टिकत नसत, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नव्हता.

याशिवाय एक हाक होती. घरातलं माणूस जरा वेळ नजरेआड झालं की बाबा जिथे असतील तिथून विचारायचे, "आहेस ना?" उत्तर एकच, "आहे!" भाजी चिरताना, फोनवर बोलताना, तोंडात ब्रश असतानासुद्धा. उत्तराला उशीर झाला की बाबा उठायचे आणि दार ढकलायचे. सगळी दारं त्यांच्या एका बोटाने उघडायची.

बाबा सुतार. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्याने आपल्या खोलीची कडी आतून लावली आणि स्वतःला संपवलं. दार बाबांनीच केलेलं, अस्सल लाकडाचं. कडीही त्यांनीच निवडून बसवलेली. "धक्क्याने उघडतं ते दार कसलं?" असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत ऐकवायचे. त्या दुपारी त्यांनी स्वतःचं दार स्वतःच्या हत्यारांनी फोडलं, आणि ते लवकर फुटलं नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की बाबा घरी यायच्या कितीतरी आधीच सगळं होऊन गेलं होतं, दार उघडं असतं तरी उपयोग नव्हता. बाबांनी मान डोलावली, घरी आले, पेचकस घेतला आणि घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या. त्यावर कुणी ब्र काढला नाही.

थोरली मुलगी चष्म्याच्या दुकानात होती, म्हणून गल्लीत तिचं नाव चष्मेवाली. तिची स्वतःची नजर ठणठणीत. पण काम असं, की लोकांच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेऊन, त्यांच्या कानामागे चष्म्याची दांडी नीट बसते का ते बोटांनी चाचपायचं. इतक्या जवळ आलेल्या माणसाला लोक काय वाट्टेल ते सांगतात. कुणाचा मुलगा बोलत नाही, कुणाला घरी जावंसंच वाटत नाही. ती ऐकून घ्यायची, दांडी किंचित वाकवायची आणि म्हणायची, "आता बघा बरं." लोक जाताना हलके होऊन जायचे. हिच्या मनात मात्र ते साचत राहायचं, कारण ऐकून झाल्यावर पुढे काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. धाकट्याच्या बाबतीत तर ऐकायचंही राहून गेलं होतं.

म्हणून तिने पस्तिशी उलटल्यावर समुपदेशनाच्या पदवीसाठी अर्ज केले, आणि नशीब असं की दोन ठिकाणी नाव लागलं. एक कॉलेज दूरच्या शहरात. दोन वर्षं तिथेच राहायचं, वर्गात बसायचं, खऱ्याखुऱ्या माणसांसमोर बसून शिकायचं. दुसरा कोर्स ऑनलाइन, घरबसल्या, दुकान सांभाळून संध्याकाळी.

"यात विचार करण्यासारखं आहे काय?" बाबा म्हणाले होते. "घरूनच कर."

"मी येते ना राहायला तुझ्या बापाजवळ," आत्या म्हणाली होती. ती मागच्याच गल्लीत एकटी राहायची. "तू जा खुशाल. हा काय पाळण्यातलं बाळ आहे?"

"तू आलीस तर गल्लीला ताप," बाबा म्हणाले. "दोन वर्षं गाणं कोण ऐकणार?"

सगळे हसले आणि विषय तिथेच मिटला. घरूनच करायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं, आणि चष्मेवालीनेही सुटकेचा श्वास सोडला, कारण बाबांना सोडून जायचा नुसता विचारही तिला नको व्हायचा.

मग ऑनलाइन कोर्सच्या मॅडमचा फोन आला, आणि तिचं धाबं दणाणलं. प्रवेश पक्का करण्याआधी एक सराव-सत्र द्यावं लागेल. समोर दुसरी एक उमेदवार आपली खरी अडचण सांगेल, तुम्ही ऐकायचं, मी बघेन. "खोलीला आतून कडी हवी," मॅडम म्हणाल्या. "सत्र सुरू करताना लावून दाखवायची. सांगणाऱ्याला खात्री पाहिजे की मध्येच कुणी आत येणार नाही. दार उघडलं तर सत्र बाद, आणि प्रवेशही."

मॅडमचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिने घरी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. दुकानातली डोळे तपासायची खोली मिळते का तेही विचारून पाहिलं, तर मालक म्हणाला, भर दुपारी ती खोली अडवून मी गिऱ्हाइकांना रस्त्यावर उभं करू का? असं करता करता सत्राचा दिवसच उजाडला. सत्र चारला होतं. आणि दूरच्या कॉलेजने कळवलं होतं, त्याच दिवशी सहापर्यंत होकार आला नाही तर तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. म्हणजे चारला इकडचं फिसकटलं तर सहाच्या आत तिकडचं ठरवायचं, आणि दोन्ही हुकलं तर पुन्हा एक वर्ष लोकांचे कान चाचपत बसायचं. तेवढी हिंमत पुढच्या वर्षी उरेल का, याची तिला अजिबात खात्री नव्हती.

दुपारी जेवताना तिने एकदाचं सांगून टाकलं. आत्याही होती, मुद्दाम बोलावली होती. एकटीने सांगायची छाती नव्हती.

"बाबा, आज चारला कोर्सची परीक्षा आहे, धाकट्याच्या खोलीत बसावं लागेल. बाकी कुठे शांतता नाही."

"बस की. मी रेडिओ लावत नाही."

"दाराला आतून कडी लागते."

बाबांचा हात ताटातच थांबला. आत्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"कुणाला लागते?"

"कोर्सवाल्यांना. नियम आहे त्यांचा. लावून दाखवायची असते."

"आणि नाही लावली तर?"

"तर प्रवेश नाही."

"मग खड्ड्यात गेला असला कोर्स!" आत्या उसळली. "सांग त्यांना, आमच्या घरी नसते कडी. दारात मी बसते पहारा देत. बघू कोण आत जातंय."

"तू दारात बसलीस तर ऐकशील सगळं."

"ऐकलं तर काय बिघडलं? मी काय गावभर सांगत फिरणार आहे?"

"आत्या, तू सांगतेस."

एरवी यावर हशा झाला असता. बाबांनी ताटातलं संपवलं, अगदी शेवटच्या घासापर्यंत, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडले. कुठे जातो ते सांगितलं नाही. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा कारखाना होता, म्हणजे एक पत्र्याची खोली, लाकूड टेकवायचे दोन घोडे आणि भुशाचा ढीग. ते रागावले की तिथे जाऊन रंधा मारत बसत.

"दुखावलंस ना त्याला?" आत्या म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत येत नाही तो."

पण बाबा परत आले, आणि आले ते हातात हत्यारांची पेटी घेऊन. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. धाकट्याच्या खोलीच्या दाराशी गुडघा टेकून बसले. फोडलेल्या दाराच्या जागी त्यांनी साध्या प्लायचं हलकं दार लावलेलं होतं. सुताराच्या घराला न शोभणारं, पण खांद्याच्या एका धक्क्याने उघडेल असं. पेटीतून त्यांनी एक कोरी कडी काढली. माप घेतलं, पेन्सिलने खूण केली, गिरमिटाने भोकं पाडली. चष्मेवाली बाजूला उभी राहून स्क्रू देत होती आणि तिला वाटत होतं, यांनी ओरडावं, एखादी वस्तू भिरकावावी, काहीही करावं, पण असं गुपचूप काम करू नये.

"बाबा, राहू द्या. मी कळवते त्यांना, जमत नाही म्हणून."

"स्क्रू दे."

"खरंच राहू द्या."

"मी घरूनच कर म्हणालो ना? मग घरून करायला जे लागतं ते नको द्यायला?" शेवटचा स्क्रू त्यांनी नको इतका आवळला. "आत जा. लावून बघ."

ती आत गेली. कडी नवी होती, जड जात होती. खट् असा आवाज झाला. तो आवाज या घराने आठ वर्षं ऐकला नव्हता. बाहेर आत्याने देवाचं नाव घेतलं.

"आहेस ना?" बाबांचा आवाज दाराला चिकटून आला.

"आहे."

"उघड."

तिने उघडलं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण त्यांनी भोकात भुसा राहिला होता तो फुंकून काढला आणि कडी दोनदा मागेपुढे केली, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं काम होतं.

"ठीक आहे. मी बाहेर जातो. आणि हिलाही घेऊन जातो."

"कुठे?"

"इथे असलो तर मी हाक मारणार. मारल्याशिवाय राहवणार नाही मला. तुझी परीक्षा जाईल." ते चपलांशी अडखळले. "किती वेळ चालेल?"

"पाऊण तास."

"बरं," ते म्हणाले. एवढंच म्हणायला त्यांना किती जड गेलं ते तिला दिसलं, आणि तिला स्वतःची भयंकर चीड आली.

चारला पडद्यावर दोन चेहरे उमटले. एक मॅडमचा, करडे केस, फार न हसणारा. दुसरा एका नर्सचा. तीही कोर्सला नाव लागलेली, कुठल्याशा दूरच्या गावातली. चष्मेवालीने कॅमेरा फिरवून खोली दाखवली, दार दाखवलं, कडी लावून दाखवली. खट्.

"छान," मॅडम म्हणाल्या. "एक सूचना. सांगणारी गप्प झाली तर गप्प राहू द्या. शांततेला घाबरून बोलू नका. करा सुरुवात."

नर्स बोलू लागली. तिची वॉर्डातली मैत्रीण, सात-आठ वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्लेली, तिला न सांगता बदली घेऊन निघून गेली होती. "इतकी साधी गोष्ट आहे," नर्स म्हणाली, "की कुणाला सांगितली तर हसतील. पण मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असणार, आणि ते मला कधी कळणार नाही." चष्मेवाली ऐकत होती. या कामात ती कच्ची नव्हती. पाठ ताठ न ठेवता, मान जराशी कलती ठेवून, ती माणसाला बोलतं करायची ते आपोआप होत होतं. तिने एकच प्रश्न विचारला: "शेवटचा डबा एकत्र खाल्लात तो आठवतो?"

नर्सने डोळ्यांवर पदर दाबला आणि ती गप्प झाली.

गप्प राहू द्यायचं. शांततेला घाबरायचं नाही. चष्मेवाली गप्प राहिली.

मग तिला घर ऐकू येऊ लागलं. म्हणजे काहीच ऐकू येईना. पाऊल नाही, भांडं नाही, खोकला नाही. मुख्य म्हणजे हाक नाही. इतकी वर्षं ती हाकेला वैतागलेली होती, तोंडातला घास गिळून "आहे, आहे, कुठे जातेय!" असं खेकसलीही होती. आता तिचे कान त्याच हाकेसाठी टवकारले होते आणि हाक येत नव्हती. याच खोलीत, याच भिंतींकडे बघत, आतून कडी लावून तो बसला होता आणि बाहेरून कुणी हाक मारली नव्हती. सगळे आपापल्या कामाला गेले होते. तीसुद्धा दुकानात कुणाच्या तरी नाकावर चष्मा बसवत होती.

पडद्यावर नर्सचे खांदे हलत होते आणि ते तिला दिसत होते, पण दुरून, फार दुरून. आजवर ती समजत होती की या घरात घाबरतात ते बाबा. ती फक्त त्यांची समजूत काढते, त्यांच्यासाठी कड्यांशिवाय राहते, त्यांच्या हाकेला ओ देते. आत्ता तिला कळलं की तसं नव्हतं.

ती उठली. खुर्ची मागे पडली. दाराशी गेली आणि कडी ओढली, तर कडी हलेना. नवी, घट्ट, बाबांच्या हातची. घामाने बोटं घसरत होती. तिने दोन्ही हातांनी ओढली, दाराला पाय लावून ओढली, तोंडातून कसलातरी आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. मग कडी एकदम सुटली आणि दार आत ओढून ती बाहेर आली.

बाहेर कुणी नव्हतं. घराचं दार सताड उघडं होतं आणि गल्लीच्या पार टोकाला, वळणावर, बाबा उभे होते. घराकडे पाठ करून. आत्याने त्यांचा दंड धरून ठेवला होता. त्यांनी शब्द पाळला होता.

ती आत आली, खुर्ची उचलून बसली. नर्सने पदर खाली घेतला होता आणि ती रिकाम्या चौकटीकडे बघत बसली असावी. तिचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही रडत होतात आणि मी उठून गेले," चष्मेवाली धापा टाकत म्हणाली. "तुमचं काही चुकलेलं नाही. मला इथे बसवेना. माफ करा मला."

नर्सने मान हलवली. मॅडमनी तिला पुढच्या सत्राची वेळ देऊन निरोप दिला. मग पडद्यावर दोघीच उरल्या.

"दाराशी कुणी आलं होतं?"

"नाही."

"मग?"

आणि चष्मेवालीने सांगितलं. खोली कुणाची, कडी कुणी काढली, आज कुणी बसवली. बाहेरच्या कुणाला तिने हे पहिल्यांदाच सांगितलं. मॅडम मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. सांगून संपल्यावरही थोडा वेळ गप्पच राहिल्या, आणि या वेळी ती शांतता तिला सोसली.

"नियमाने मला प्रवेश नाकारावाच लागेल," त्या अखेर म्हणाल्या. "पण नियम नसता तरी मी नाकारला असता. तुम्ही ऐकता चांगलं. फार चांगलं. पण त्या खोलीत बसून तुम्ही दुसऱ्याचं ऐकू शकणार नाही. तुम्हाला दुसरी खोली आहे का?"

"आहे. दुसऱ्या शहरात. रात्रभराच्या प्रवासावर."

"कधीपर्यंत सांगायचंय?"

"सहापर्यंत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?" मॅडम म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

तिने लगेच होकार कळवला नाही. कळवू शकली नाही. बाबांनी जन्मात पुन्हा न करायचं ठरवलेलं काम तिला घरी ठेवून घेण्यासाठी केलं होतं, आणि ती त्यावर जायचं म्हणणार होती. बाहेरच्या खोलीत येऊन ती फोन हातात धरून बसून राहिली. घड्याळाकडे बघायची हिंमत होत नव्हती. शेवटी तिने डोळे मिटून घ्यावेत तसं करून होकार पाठवला, आणि पाठवल्याबरोबर तिला रडू फुटलं.

बाबा धावतच आले. पाऊण तास संपायच्या आधी त्यांनी मागे वळून बघितलं नव्हतं, पण संपल्यावर मात्र आत्याला वाटेतच मागे टाकलं होतं. दारात त्यांनी तिला पाहिलं, तिचे डोळे पाहिले आणि खोलीचं उघडं दार पाहिलं.

"काय झालं? मी आवाज केला का? मी वळणावर होतो गं. हाक नाही मारली मी. हिला विचार."

"नाही मारली त्याने," आत्या धापा टाकत म्हणाली. "मी साक्षीला आहे. ओठ चावत होता, पण मारली नाही."

"नापास झाले मी, बाबा."

बाबा तडक दाराशी गेले. कडी मागे केली, पुढे केली, खाली वाकून चौकटीतलं भोक बघितलं.

"अडकली का? घट्ट बसली होती. मला वाटलंच होतं, जरा सैल ठेवायला हवी होती. अडकली ना? घासून द्यायला हवी होती मी. घाई केली." ते कडी पुन्हा पुन्हा मागेपुढे करत राहिले. "माझ्याच कड्या अशा..."

"बाबा." ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांचे हात तिने कडीवरून काढून आपल्या हातात घेतले. "कडी चांगली आहे. मीच उघडली. मला भीती वाटली म्हणून उघडली. तेव्हाही कडी चांगलीच होती, दारही चांगलं होतं. तुम्ही चांगलं दार केलं होतं, बाबा. त्यात तुमची काही चूक नव्हती."

असं त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बाबा पेटीला टेकून खाली बसले. तीही शेजारी जमिनीवर बसली आणि गप्प राहिली.

"मी तिकडचं घेतलं," ती मग म्हणाली. "कॉलेजचं. होकार पाठवला."

"म्हणजे ही उगाच बसवली," बाबा म्हणाले. आवाजात राग होता, खरा राग. "मन मारून बसवली मी. तू राहावीस म्हणून."

"माहीत आहे."

"माहीत असून चाललीस."

"हो."

बाहेर उन्हं उतरली. आत्या डोळे पुसत चहा टाकायला गेली आणि तिथून तिने उगाचच दोनदा नाक शिंकरलं, आपण आहोत हे कळावं म्हणून.

"तिकडे खोलीत तू एकटीच असशील?" बाबांनी विचारलं.

"आणखी एक मुलगी असेल. कधी कधी एकटी."

"दाराला आतून कडी असेल?"

तिला खोटं सांगावंसं वाटलं. "असेल, बाबा."

बाबांनी मान हलवली. पेटी उचलून ते उठू लागले, अर्धवट उठले आणि गुडघ्यावर हात ठेवून थांबले.

"लावत जा," ते म्हणाले. "परक्या गावात उघडं ठेवून झोपू नकोस. लावत जा नीट."